आर्द्रतेचा रकाना

उल्हासकाठच्या आमच्या गावात मी हवा मोजायचं यंत्र डिसेंबरात बसवलं, पडवीच्या वाशाला टांगून. मुठीएवढा डबा. आतला पंखा हवा ओढतो, लेझरचा झोत कणांवरून विखुरतो, त्यावरून बारीक कणांचा, म्हणजे पीएम २.५ चा आकडा निघतो.

पहाटे सहाला आकडा १८० च्या पुढे. आपली २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमची. नदीपलीकडे वीटभट्ट्या, दुसरं कारण शोधावंसंच मला वाटलं नाही. आठवड्याचे आलेख छापून ग्रामसभेत मांडले. भट्ट्या बारा दिवस बंद राहिल्या. तिथली कातकरी कुटुंबं दिवाळीलाच उचल घेऊन आलेली. बारा दिवस विटा पडल्या नाहीत, उचल तेवढी अंगावर राहिली.

त्याच फाईलमधला आर्द्रतेचा रकाना मी उघडला फेब्रुवारीत. आकडा चढलेल्या प्रत्येक पहाटे आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर होती. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात, धुक्याचे थेंबही कण म्हणून मोजले जातात. मोठ्या केंद्रांवरच्या यंत्रांत हवा आधी तापवून कोरडी करतात. माझ्या डब्यात ती सोय नव्हती, आणि तो तशा यंत्राशेजारी ठेवून मी कधी ताडूनही पाहिला नव्हता. भट्ट्या बंद असतानाही पहाटेचा आकडा तसाच चढत होता. हे तर मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

सभेत सेंटिनेल-५पी उपग्रहाचा नकाशाही दाखवला होता. तो आपल्यावरून दुपारी दीडच्या सुमारास जातो आणि नायट्रोजन डायऑक्साइडचा जमिनीपासून वरपर्यंतचा अख्खा स्तंभ मोजतो. त्यावरून मी पहाटेच्या, नाकाशी असलेल्या धुराबद्दल बोललो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं २००९ पासून कायपीक्स मोहिमेत विमानातून ढग आणि हवेतले कण वेगवेगळ्या उंचीवर मोजले आहेत. उंचीगणिक हवा बदलते, हे मी वर्गात शिकवत आलो होतो.

मार्चमध्ये भट्टीवर गेलो. एक बाई उन्हात कच्च्या विटा उलटत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, हात थांबवले नाहीत.

"मंग गुरुजी, पोरांचा खोकला धुक्याचा का?"

नाही म्हणालो. धूर डोळ्यांना झोंबत होता. तो किती, हे सांगायला माझ्याकडे अख्ख्या हिवाळ्याचा एकही भरवशाचा आकडा नव्हता.