एलियासची वळकटी

परवा शनिवारी जुना उबंटूवाला लॅपटॉप एकदाचा निवृत्त केला आणि सेकंडहँड मॅकबुकवर बिऱ्हाड हलवलं. सोबत काय नेलं? फोटो, बाबांच्या लूमच्या हिशोबाच्या फाईली आणि कॉलेजपासून वाढवत आणलेली माझी बॅशआरसी. त्यात साठेक एलियास. त्यातला सगळ्यात जुना म्हणजे 'आरएम' टाईप केलं की 'आरएम डॅश आय' चालणार, म्हणजे प्रत्येक फाईल पुसण्याआधी विचारणार.

तर झालं असं की हिशोबाच्या फाईलींच्या दोन-दोन प्रती झाल्या होत्या. म्हटलं आरएम मारू, एकेक विचारेल तसं हो-नाही करू. 'ताग'पासून सुरू होणाऱ्या सगळ्या फाईलींना आरएम दिलं आणि एंटर.

काही विचारलंच नाही. नुसता प्रॉम्प्ट परत आला.

कारण अगदी साधं. 2019 च्या कॅटालिनापासून मॅकवर नव्या खात्याला झेडशेल मिळतो, आणि तो बॅशआरसीकडे ढुंकूनही बघत नाही. बरं, बॅश लावला असता तरी मॅकचं टर्मिनल लॉगिन शेल उघडतं, म्हणजे वाचली जाणार बॅश प्रोफाईल. (नुसता 'स्टार' दिला असता तर झेडशेलने स्वतःहून विचारलं असतं. पण मी शहाणा, आधी 'ताग' लावलं!) आणि आरएमने गेलेलं ट्रॅशमध्ये सापडत नाही. जुन्या लॅपटॉपची डिस्क मी आदल्याच रात्री फॉरमॅट केलेली. असो.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "वह्या आहेत ना, मग रडतोस कशाला? बस लिहायला."

रविवारी सकाळी बसलो. कोणी किती मीटर विणलं, किती तागे उतरले, मजुरी किती. पण वहीत कारागिरांची नावंच नाहीत! 'लंबू', 'मास्तर', 'नवा'. आणि 'नवा' तीन वेगवेगळ्या वर्षांत.

"बाबा, हा नवा कुठला?"

"तो 2021 चा. आता जुना झाला, पण नाव पडलं ते पडलं."

आधी टाईप करताना मी सरळ 'नवा'च लिहून मोकळा झालो होतो. यावेळी खरी नावं विचारून घेतली. दोघांची बाबांनाही आठवली नाहीत. दुपारी लाईट गेली, तेव्हा ते बराच वेळ वही मांडीवर घेऊन तसेच बसले होते.

संध्याकाळी एलियास नीट लावले. सगळे एका वेगळ्या फाईलीत, आणि बॅशआरसी व झेडशआरसी दोन्हीकडून तिला सोर्स केलं. पुढे 'युनेम' विचारायचं, डार्विन आलं तर मॅक. कारण कालची तारीख काढायला लिनक्सवर 'डेट डॅश डी यस्टरडे' चालतं, मॅकला 'डॅश व्ही उणे वन डी' लागतं. 'सेड डॅश आय'ला मॅकवर पुढे रिकामे कोट द्यावे लागतात. असल्या बारा भानगडी.

आरएमचा एलियास मात्र काढूनच टाकला. त्याऐवजी 'पुसू' नावाचा केलाय. परक्या मशीनवर तो नसेल तर शेल म्हणेल, अशी कमांडच नाही. आणि काही पुसलं जाणार नाही.

फेब्रुवारी 2022 पर्यंत टाईप झालंय. उरलेलं पुढच्या रविवारी, लाईट असली तर.