निशी-कासाईच्या चौकातील पिवळे निशाण

तोक्योच्या पूर्वेस एदोगावा भागात निशी-कासाई ही भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. वाचकहो, आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडेही तेथे असतील. त्यांच्याकडे गेलात, तर एखाद्या सकाळी आठच्या सुमारास प्राथमिक शाळेच्या वाटेवर घटकाभर उभे राहा. बागा आणि मंदिरे दुपारी पाहता येतात.

जपानमध्ये सरकारी प्राथमिक शाळेतील मुले बहुधा पायीच जातात, तीही ठरवून दिलेल्या वाटेने. पहिलीतल्या चिमुकल्यांची पिवळी टोपी किंवा दप्तरावरचे पिवळे आवरण चालकाला दुरूनच दिसते. दप्तराच्या पट्ट्याला ओढताच कर्कश वाजणारा छोटा भोंगा असतो. वाटेत भीती वाटल्यास ज्या घरात वा दुकानात शिरावे, त्याच्या दारावर खूण असते. मला मात्र सर्वांत मोलाची वाटली ती चौकात पिवळे निशाण घेऊन उभी राहणारी माणसे. कुठे पालक पाळीपाळीने येतात, पण पुष्कळदा ती आपल्याच वयाची, निवृत्त आणि पांढऱ्या केसांची असतात.

यामागचे वैद्यकीय कारण साधे आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा भरवशाचा अंदाज येत नाही. उभ्या मोटारीमागचे मूल तर चालकाला दिसतच नाही. कितीही पढवले, तरी ही उणीव वयानेच भरून निघते. तोवर त्याच्याजवळ उंच, दिसणारे माणूस हवे.

आपल्या गावात निशाण नसेल. पण नातवाला शाळेत पोहोचवणारे आपणच असतो. म्हणून आपली प्रकृतीही या सुरक्षेचाच भाग होय. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी निघू नका. मोतीबिंदूमुळे समोरचे धूसर दिसत असेल, तर शस्त्रक्रिया होईपर्यंत हे काम दुसऱ्याकडे सोपवा. चालताना मुलाला वाहनांपासून दूरच्या बाजूला ठेवा आणि रस्ता ओलांडताना त्याचे मनगट धरा, बोट निसटते. उभ्या वाहनांच्या फटीतून कधीही ओलांडू नका, शाळेची घंटा झाली असली तरी. (उशीर झाला म्हणून बाई रागावतील, एवढेच!)

स्कूटरवरून नेणाऱ्या चिरंजीवांना किंवा सूनबाईंना केंद्र सरकारचा २०२२ चा नियम सांगा: चार वर्षांखालील मुलाला सुरक्षापट्टा हवा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेटही हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

शक्य असल्यास शेजारच्या दोन-तीन घरांतील मुले एकत्र न्या आणि सोबत दोन ज्येष्ठ असू द्या. एकाला चक्कर आली, तरी मुलांचे हात धरायला दुसरे कोणी असते.