सायकलची बत्तीशी

पुण्याच्या माणसाने सायकल घेतली, की तिची परीक्षा सिंहगडावरच व्हायची! खडकवासल्याच्या पाण्याकाठचा रस्ता गोड बोलून पुढे नेतो; गोळेवाडी सोडली की चढ दात दाखवू लागतो. गडाचा माथा तलावाहून सुमारे ७०० मीटर उंच. इथे सायकललाही दातच हवेत.

माझ्या जुन्या सायकलला पुढे ४४ नि मागे १८ दाते. पायडलाच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीचदा फिरे; सपाटीवर ऐट, चढावर गुडघ्यांची कुरकुर. नव्या डोंगरी सायकलला पुढे एकच चक्र, दाते ३२. बत्तीशीच म्हणा ना! मागे १२ चक्रे, सर्वांत मोठे ५१ दात्यांचे. साखळी त्यावर चढली, की एका फेऱ्यात चाक दोनतृतीयांशही फिरत नाही. वेग जातो, पण दम टिकतो. पुढे दोन चक्रे घेतली तर गिअरांतल्या पायऱ्या बारीक होतात खऱ्या; पण बदलण्याची यातायातही वाढते.

पंचेचाळिशीत मी एकच सूत्र धरले आहे: गिअर सपाटीवरच्या ऐटीसाठी नव्हे, सर्वांत खड्या वळणासाठी निवडावा. कॉलेजातली पोरे भुर्रकन पुढे जातात, खुशाल जावोत. माथ्यावरचा वारा सर्वांना सारखाच गार लागतो, आणि सायकल ढकलत न नेता पोहोचलेल्याला तर अंमळ अधिकच!