पाठिंबा द्यायला एवढा वेळ का लागतो?

न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदी झोहरान ममदानी निवडून आले, त्याचा आनंद आमच्या मोहल्ल्यांतही झाला. 4 नोव्हेंबर 2025 रोजी मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर मोबाइलवर मुबारकबादीचे संदेश फिरत राहिले. न्यूयॉर्कचा पहिला मुसलमान महापौर, एवढ्यावर बहुतेकांची बातमी संपली. आम्हाला मात्र या निकालाआधीचे चार महिने जास्त विचार करायला लावतात. 24 जूनला ते डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी जिंकले होते. तेव्हापासून ऑक्टोबर संपत येईपर्यंत त्यांच्याच राज्यातले, त्यांच्याच पक्षाचे काही मोठे नेते त्यांना उघड पाठिंबा द्यायला तयार नव्हते. समोर दुसऱ्या पक्षाचा तगडा उमेदवार होता असेही नाही. शहर डेमोक्रॅटिक पक्षाचे. मग अडचण काय होती?

ममदानी यांच्या घराण्याचा एक धागा मुंबईशी जुळतो. त्यांचे वडील महमूद ममदानी हे नावाजलेले अभ्यासक. त्यांचा जन्म 1946 साली मुंबईत झाला आणि ते वाढले युगांडात. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकलून दिले, त्यात त्यांचेही घर सुटले. आई मीरा नायर, ‘सलाम बॉम्बे’च्या दिग्दर्शिका. झोहरान यांचा जन्म 1991 चा, कंपालातला. लहानपणीच ते न्यूयॉर्कला आले, 2018 साली अमेरिकन नागरिक झाले आणि 2020 साली क्वीन्समधून राज्य विधिमंडळावर निवडून गेले. पक्ष डेमोक्रॅटिक, पण ते उघडपणे स्वतःला समाजवादी म्हणवतात.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक गोष्ट सांगावी लागते. आपल्याकडे उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवतात. ज्याच्या हाती एबी फॉर्म पडला तो अधिकृत. ज्याला तो मिळाला नाही आणि तरी जो उभा राहिला तो बंडखोर. तिकडे तसे नाही. पक्षाचे म्हणून नोंद झालेले मतदार आधी प्राथमिक निवडणुकीत मत देतात आणि पक्षाचा उमेदवार तेच ठरवतात. त्यामुळे नेत्यांना नको असलेला माणूसही पक्षाचा अधिकृत उमेदवार होऊ शकतो. ममदानी तसेच झाले. माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांच्यामागे पैसा होता, ओळखी होत्या, अनेक नेत्यांचा पाठिंबा होता. तरी पसंतीक्रमाची मते मोजून झाल्यावर ममदानी यांना सुमारे 56 टक्के मते पडली आणि क्युओमो यांना 44. हरलेले क्युओमो मग अपक्ष म्हणून उभे राहिले. म्हणजे आपल्या भाषेत बंडखोर झाले ते क्युओमो. तरीही बंडखोर म्हणून बोट दाखवले जात होते ते अधिकृत उमेदवाराकडेच.

आता पाठिंब्याच्या तारखा पाहाव्यात. मॅनहॅटनचे ज्येष्ठ खासदार जेरी नॅडलर, धर्माने ज्यू, यांनी प्राथमिक निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी पाठिंबा दिला. गव्हर्नर कॅथी होकल यांना 14 सप्टेंबर उजाडला. प्रतिनिधिगृहातले पक्षनेते हकीम जेफ्रीज हे खुद्द ब्रुकलिनचे. त्यांचा पाठिंबा 24 ऑक्टोबरला आला, म्हणजे आगाऊ मतदान सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. सिनेटमधले पक्षनेते चक शूमर यांनी शेवटपर्यंत पाठिंबा दिला नाही आणि आपण मत कोणाला दिले तेही सांगितले नाही. राज्य पक्षाचे अध्यक्ष जे जेकब्स यांनी तर पाठिंबा देणार नाही असे जाहीरच केले होते.

यावर आमच्या शिक्षक खोलीत बरेच दिवस वाद चालला. एका बाजूचे म्हणणे साधे होते. नाव झोहरान आहे, बाप महमूद आहे, अजून कारण कशाला शोधता? दुसऱ्या बाजूचे म्हणणे, मग नॅडलर यांनी लगेच पाठिंबा का दिला? शहराचे तेव्हाचे हिशेब तपासनीस ब्रॅड लँडर, तेही ज्यू. ते स्वतः उमेदवार असूनही प्राथमिक निवडणुकीत ममदानी यांच्याबरोबर एकमेकांना पाठिंबा देऊन का उभे राहिले? दोन्ही बाजूंचे आम्ही ऐकले आणि आम्हाला वाटले, द्वेष आणि हिशेब या दोन गोष्टी आपण फार लवकर एक करून टाकतो. त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात हे खरे. पण त्यांवरचा इलाज एक नाही.

हिशेब कसा असतो हे आम्ही थोडेफार जाणतो. निवडणुकीची ड्यूटी आम्हा शिक्षकांच्या वाट्याला येतेच. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली याचे आकडे नंतर बाहेर येतात आणि पुढारी ते पाठ करून ठेवतात. कोणत्या वस्तीत कोणाबरोबर फोटो काढला तर किती मते जातील, हे ते त्यावरून ठरवतात. अमेरिकेचा पुढारीही हेच करतो.

पहिला हिशेब शेजारच्या मतदारसंघाचा. न्यूयॉर्क शहर एका रंगाचे असले तरी त्याला लागून असलेला लाँग आयलंड तसा नाही. तिथल्या लॉरा गिलन 2024 साली थोडक्यात निवडून आल्या. टॉम सुओझी यांचा मतदारसंघही काठावरचाच. शहरातला समाजवादी उमेदवार आपला म्हटला की उद्या रिपब्लिकन पक्ष त्याचाच चेहरा आपल्या जाहिरातीत लावणार, ही त्यांची भीती. दोघांनीही पाठिंबा दिला नाही. जेफ्रीज यांची गोष्ट याला जोडूनच येते. प्रतिनिधिगृहात बहुमत मिळवायचे तर असे काठावरचे मतदारसंघ जिंकावे लागतात, आणि ते जिंकून देणे हे त्यांचे काम. त्यांच्या घरच्या मतदारांना ममदानी हवे होते आणि बाहेरच्या उमेदवारांना नको होते.

दुसरा हिशेब आपल्या खुर्चीचा. 2018 साली क्वीन्सचे वजनदार खासदार जो क्राउली यांना अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ या 28 वर्षांच्या मुलीने प्राथमिक निवडणुकीत हरवले. क्राउली तेव्हा पक्षाच्या खासदारांच्या गटाचे अध्यक्ष होते. ते गेल्यावर त्या पदावर कोण आले? हकीम जेफ्रीज. म्हणजे आपल्या आधीचा माणूस कसा गेला हे त्यांनी अगदी जवळून पाहिले होते. ओकासिओ-कोर्टेझ यांनी जूनमध्येच ममदानी यांना पाठिंबा दिला होता. ज्या वाटेने नवखा येतो आणि जुन्याला बाजूला करतो, त्या वाटेवर आपणच दिवा कसा धरायचा, हा प्रश्न प्रत्येक जुन्या आमदार-खासदाराला पडतो. जाहीर कारणे वेगळी सांगितली जातात. हे कारण कोणी बोलून दाखवत नाही.

तिसरा हिशेब पैशाचा आणि गाझाचा. क्युओमो यांच्यासाठी उभारलेल्या एका प्रचार निधीने प्राथमिक निवडणुकीतच दोन कोटी डॉलरहून जास्त खर्च केले. माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी त्यात 80 लाखांहून अधिक डॉलर घातले. श्रीमंतांवर कर वाढवा, भाडेवाढ थांबवा म्हणणारा माणूस देणगीदारांना कसा आवडेल? त्यात ममदानी पॅलेस्टाइनच्या बाजूने वर्षानुवर्षे बोलत आलेले. इंतिफादाच्या एका घोषणेचा त्यांनी सरळ निषेध केला नाही म्हणून वादळ उठले. पुढे जुलैत ती घोषणा वापरू नका असे आपण सांगू, अशी भूमिका त्यांनी घेतली. हा सगळा कांगावा होता असे आम्ही म्हणणार नाही. न्यूयॉर्कमध्ये ज्यूंची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्यातल्या अनेकांना खरोखर भीती वाटत होती. भीती काय असते हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायला नको.

चौथी गोष्ट कामाची. मोफत बस, सहा आठवड्यांच्या बाळापासून मोफत पाळणाघर, नियंत्रित भाड्याच्या सुमारे दहा लाख घरांची भाडेवाढ गोठवणे, ही त्यांची वचने. वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक कमावणाऱ्यांवर दोन टक्के जादा कर लावायचा, असाही विचार. पण हा कर महापौराला लावता येत नाही. ते आल्बनीला, म्हणजे राज्याच्या राजधानीत ठरते. होकल यांचा अशा कराला विरोध होता. 2022 साली त्या सुमारे सहा टक्क्यांच्या फरकाने निवडून आल्या होत्या आणि 2026 मध्ये पुन्हा लोकांसमोर जायचे होते. त्यांनी पाठिंबा दिला तरी 26 ऑक्टोबरच्या सभेत त्यांच्याच भाषणात लोकांनी श्रीमंतांवर कर लावा अशा घोषणा दिल्या. पाठिंबा देणाऱ्याला वचनाचा बोजाही उचलावा लागतो, हे त्यांना भर व्यासपीठावर कळले असेल.

हे नवे आहे का? याच राज्यात बफेलो नावाचे शहर आहे. 2021 साली तिथे इंडिया वॉल्टन या समाजवादी विचारांच्या कृष्णवर्णीय परिचारिकेने विद्यमान महापौरांना प्राथमिक निवडणुकीत हरवले. त्याच जेकब्स यांनी तेव्हाही पाठिंबा दिला नाही. होकल तटस्थ राहिल्या. शूमर यांनी मात्र दिला. हरलेले महापौर बायरन ब्राउन हार मानायला तयार नव्हते. मतपत्रिकेवर आपले नाव हाताने लिहा असे त्यांनी लोकांना सांगितले आणि ते निवडून आले. वॉल्टन मुसलमान नव्हत्या, तरी नेत्यांची टाळाटाळ तीच. आणि ज्या शूमर यांनी त्यांना हात दिला, त्यांनीच ममदानी यांच्या वेळी हात आखडला. द्वेष आणि हिशेब यांची सरमिसळ इथे दिसते.

कारण मुसलमान असण्याचा भाग होताच. सिनेटर कर्स्टन गिलिब्रँड यांनी जूनमध्ये रेडिओवर बोलताना ममदानी यांच्या संदर्भात जिहादचा उल्लेख केला आणि नंतर फोन करून माफी मागितली. विरोधी पक्षातून तर त्यांचे नागरिकत्व काढून घेण्याची मागणी झाली. 24 ऑक्टोबरला, ज्या दिवशी जेफ्रीज यांचा पाठिंबा आला त्याच दिवशी, ममदानी ब्राँक्समधल्या एका मशिदीबाहेर बोलले. 2001 च्या हल्ल्यानंतर हिजाब घालून भुयारी रेल्वेने जायला घाबरणाऱ्या नात्यातल्या एका फुफीची गोष्ट त्यांनी सांगितली. राजकारणात आल्यावर धर्म स्वतःपुरता ठेव, असा सल्ला एका वडीलधाऱ्याने दिला होता, तेही सांगितले. हा सल्ला आमच्यातल्या कितीजणांनी ऐकला असेल, आणि कितीजणांनी आपल्या मुलांना दिला असेल!

इथली गोष्ट निराळी आहे, पण ती डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही. 2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रातल्या 48 जागांपैकी एकाही जागेवर महाविकास आघाडीने मुसलमान उमेदवार दिला नाही. काँग्रेसचे नसीम खान यांनी नाराज होऊन स्टार प्रचारकपद सोडले. या आघाडीतले पक्ष मुसलमानांचा द्वेष करतात असे कोणी म्हणणार नाही. आपल्या नावामुळे बाकीची मते जातील, हा त्यांचा हिशेब. आपली मते मात्र त्या हिशेबात आधीच जमा धरलेली असतात. तिकडच्या मतदाराच्या हाती निदान प्राथमिक निवडणूक आहे. आपल्याकडे तो टप्पाच नाही.

म्हणून ममदानी यांच्या निवडणुकीतून आम्ही जे घेतले ते एवढेच. ते पाठिंब्याची वाट पाहत बसले नाहीत. हजारो स्वयंसेवक घरोघर गेले आणि भाडे, बस, पाळणाघर यांविषयी बोलले. नाव लपवले नाही, पण नावावर मते मागितली नाहीत. शेवटी वीस लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले, 1969 नंतरचे सर्वात जास्त. त्यांतली निम्म्याहून थोडी अधिक मते त्यांना मिळाली. 1 जानेवारी 2026 रोजी त्यांनी कुरआनवर हात ठेवून शपथ घेतली. आठवडाभरात होकल त्यांच्या शेजारी उभ्या राहून दोन वर्षांच्या मुलांच्या मोफत पाळणाघराची योजना जाहीर करत होत्या.

पुढारी बदलले नाहीत, त्यांच्यापुढचे आकडे बदलले. द्वेषावर बोलावेच लागते, आणि ममदानी बोलले. पण हिशेबावर रागावून काही होत नाही. तो बदलायला माणसे जोडावी लागतात, तीही आपल्या मोहल्ल्याबाहेरची. आमच्या वर्गातली मुले विचारतात, सर, आपल्याला कोणी तिकीट देईल का? या प्रश्नाला हो म्हणायला आमच्याकडे पुरावा नाही. पण नळाचे पाणी, एसटीचा पास, दवाखान्यातली रांग यांबद्दल जो सगळ्यांसाठी भांडतो, त्याला नाही म्हणणे दर निवडणुकीला अवघड होत जाते, एवढे आम्ही त्यांना सांगतो.