आधी राखाडी, मग हिरवा

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जानेवारीत बरेच दिवस सूर्य नसतो, पण अंधारही पुरता नसतो. बाराच्या सुमारास दक्षिणेला निळसर-गुलाबी उजेड फुटतो आणि थोड्या वेळात विरतो. आर्क्टिक वर्तुळाच्या साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला हे गाव, तरी अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे बंदर गोठत नाही. इथे ध्रुवीय प्रकाश बघायला येणाऱ्यांचा खरा वैरी थंडी नव्हे, ढग. किनाऱ्यावर ते दाटले की गाड्या डोंगरांपलीकडे, शिबोत्नच्या कोरड्या दरीकडे धावतात. आमचीही धावली.

तिथे मात्र थंडीने कसर भरून काढली. शेकोटी, भाजीचं सूप आणि संक्रांत नुकतीच झालेली म्हणून आईने आणलेल्या तिळाच्या वड्या. गारठून त्या इतक्या टणक झाल्या होत्या की वाटाड्या बिचारा एकच वडी बराच वेळ गालात धरून बसला.

"हा तर ढगच की," आई वर बघत म्हणाली. डोंगरामागून राखाडी पट्टा वर आला होता. लेकीने फोन रोखला, काही सेकंद हलू दिला नाही, आणि पडद्यावर तोच पट्टा हिरवागार! आईला वाटलं, फोन रंगवून दाखवतोय. तसं नव्हतं. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. फोन उजेड साठवत राहतो. तरीही माझं मत आईच्या बाजूने. राखाडी दिसलं तर राखाडी म्हणावं.

बाबा अलिबागचे, रोज चुंबकीय वेधशाळेवरून फिरायला जाणारे. त्यांना इथे आपलं घोडं दामटायचं होतंच. ही वेधशाळा आधी कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली अलिबागला हलली. सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरून प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा कुलाब्याच्या चुंबकांनी घेतलेला हेलकावा आजही अभ्यासक तपासतात. "आणि ४ फेब्रुवारी १८७२ला," बाबा म्हणाले, "हा उजेड मुंबईतून दिसला होता!" सूर्याकडून आलेले कण एरवी पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवांभोवतीच्या कड्यात उतरतात, वादळ मोठं असलं की ते कडं विषुववृत्ताकडे सरकतं.

बाबांचं व्याख्यान चालू असतानाच पट्ट्याला जोर चढला. आता फोनची गरज नव्हती. शंभरेक किलोमीटर उंचीवरचा प्राणवायू डोळ्यांदेखत हिरवा पेटला, खालच्या काठाला नत्राची जांभळट किनार आली, आणि सगळं सळसळत डोक्यावरून इतक्या वेगाने गेलं की लेकीच्या फोटोत नुसता हिरवा चिखल उरला. तिने आनंदाने शीळ घातली. वाटाड्याने हसत ओठांवर बोट ठेवलं. शीळ घातली तर तो उजेड खाली येऊन माणसाला उचलून नेतो, असं इथले मूळ रहिवासी सामी लोक मुलांना सांगत आले आहेत. आई लगेच लेकीच्या आणि आकाशाच्या मध्ये उभी राहिली.

एकवीस तारखेला ट्रॉम्सोत सूर्य परततो. त्या दिवशी गावभर गोल, गोड, तळलेले 'सूर्य-बन' खातात. बेकरीबाहेर रांग होती, आकाश गच्च ढगाळ. सूर्य काही दिसला नाही. आईने साखर झटकत दुसरा बन मागितला आणि बेकरीवालीच्या हातावर उरलेल्या वड्या ठेवून मराठीतच म्हणाली, "गोड बोला."