नितळ पाण्याचा हव्यास

आमच्या घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. गेल्या मार्गशीर्षांत त्यांत तीन मासोळ्यांची भर पडली. धाकट्या नातवाच्या वाढदिवसाला त्याच्या काकानें नागपूरहून कांचेची एक टाकी व तीन सोनेरी मासे आणले. टाकी कसली, जेमतेम पंधरा लिटर पाण्याचें भांडें तें! ब्राह्मणाच्या घरांत मासे आल्याची वार्ता आळींत पसरायला वेळ लागला नाहीं. “भावजी, स्वयंपाकघरापासून दूर ठेवा म्हणजे झालें,” एवढेंच वहिनी म्हणाल्या, आणि टाकी ओसरीवरच्या खिडकींत विराजमान झाली.

आमचा भंडारा जिल्हा तलावांचा. कोहळी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले मालगुजारी तलाव, गांवोगांवच्या बोड्या आणि पवनीच्या कुशीला वाहणारी वैनगंगा यांच्या सहवासांत माझें आयुष्य गेलें. पाण्यांतील मला कांहीं कळत नाहीं, असें मला कधीं वाटलेंच नव्हतें.

चौथ्या दिवशीं टाकींतलें पाणी तांदुळाच्या धुवणासारखें पांढुरकें झालें. जन्मभर वह्यांवरील शाईचे डाग न खपलेला मी मास्तर. मला तें कसें पाहवणार? मीं सगळें पाणी ओतून दिलें, वाळू खळखळून धुतली, हवेच्या यंत्रांतला स्पंज नळाखालीं धरून पांढरा शुभ्र होईपर्यंत पिळला, आणि नव्या पाण्यांत तुरटीचा खडाही दोनदां फिरविला. पाणी स्फटिकासारखें झालें. शेजाऱ्यांना बोलावून मीं तें दाखविलें, हें कबूल केलेंच पाहिजे.

तीन दिवसांनीं पुन्हां तेंच धुवण. मींही पुन्हां तोच खटाटोप केला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं एक मासा उताणा तरंगत होता, आणि संध्याकाळीं दुसरा. माझा संताप नातवावर निघाला. “मूठमूठ खाऊ घालतोस, मग दुसरें काय होणार?” असें मी चारचौघांत बोललों. पोर कांहीं बोललें नाहीं. त्या रात्रीं तें जेवलेंही नाहीं.

दोन दिवसांनीं माझा एक जुना विद्यार्थी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. तो जातीनें ढीवर. मासेमारीच्या सहकारी संस्थेंत त्याचें वय गेलेलें. टाकीजवळ वांकून त्यानें पाण्याचा वास घेतला आणि सगळी हकीकत ऐकून म्हणाला, “गुरुजी, पाणी घाण नव्हतंच. नवं होतं. बोडींत बोटुकली सोडायची तरी आम्ही आधी पाणी मुरूं देतों. तुम्ही तर मुरतंय न मुरतंय तोंच फेकत गेलात.”

मग मीं थोडें वाचन केलें. माशाच्या विष्ठेपासून आणि उरलेल्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. जंतूंचा एक वर्ग त्याचें नायट्राइट करतो व दुसरा त्या नायट्राइटचें पुष्कळसें निरुपद्रवी असें नायट्रेट. विनोग्राड्स्की नांवाच्या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे करून दाखविले. ते पाण्यांत फारसे नसतात. वाळूला, कांचेला आणि मुख्यतः स्पंजाला चिकटून राहतात, व त्यांची वसाहत नीट बसण्यास महिना-दीड महिना लागतो. तोंवर उरल्यासुरल्या अन्नावर दुसरेच जंतु भराभर वाढतात. पांढुरकेपणा येतो तो त्यांचा, आणि बहुधा तो आपला आपण निवळतो. मारक असतो तो डोळ्यांना न दिसणारा अमोनिया. मीं नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें स्पंज धुवून उपकारक जंतूंचीच वसाहत उठविली होती. शिवाय तें ताजें क्लोरीन माशांच्या कल्ल्यांनाही बाधतें. टाकी पहिल्याच दिवशीं करडी दिसली तर ती न धुतलेल्या वाळूची धूळ, आणि पाणी हिरवें झालें तर उन्हानें वाढलेलें शेवाळ. त्यांचे उपाय निराळे.

आणि तुरटी? पावसाळ्यांत नदीच्या पाण्यांतील मातीचे सूक्ष्म कण तिच्यामुळें एकमेकांस चिकटून तळाशीं बसतात. निवळीच्या बीचेंही तेंच. मनुस्मृतींत या कतकफळाचा दृष्टान्त आहे: फळानें पाणी स्वच्छ होतें, नुसतें नांव घेतल्यानें नव्हे. हा दृष्टान्त मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविला. परंतु पाण्यांत विरघळलेल्या अमोनियावर ना तुरटी चालते ना निवळी, हें मला साठी उलटल्यावर समजलें.

उरलेल्या एका माशासाठीं शिष्यानें सांगितलें तसें केलें. दोन दिवस खाणें बंद. रोज चौथा हिस्सा पाणी काढावयाचें व बादलींत दिवसभर उघडें ठेवून क्लोरीन उडून गेलेलें पाणी घालावयाचें. स्पंज धुवावयाचा तो काढलेल्या पाण्यांतच. टाकी खिडकींतून हलविली. आठ दिवस तें पाणी धुवणासारखेंच राहिलें, आणि ते आठ दिवस हात आवरून बसणें मला किती जड गेलें, तें घरची मंडळी सांगतील! नवव्या दिवशीं तें निवळूं लागलें. एवढी टाकी या जातीला अपुरीच, म्हणून पुढें मासा परसांतल्या हौदांत हलवावयाचा बेत आहे. तलावांत सोडूं या, असें नातू म्हणाला होता. पण मूळचा चीनकडचा मासा आपल्या तलावांत सोडूं नये, असें शिष्यानें बजावलें.

खाण्याचा उलगडाही झाला. नातू सकाळीं मोजून पांच दाणे टाकी. परंतु जातांयेतां वहिनी चिमूटभर टाकीत, सूनबाई टाकीत, आणि दुपारीं वर्तमानपत्र वाचून झाल्यावर मीही टाकीं.

मीं नातवाला जवळ बोलावून, ज्या चारचौघांत बोललों होतों त्यांच्याच समोर, “बाळ, चूक माझी होती” असें सांगितलें. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग माझी जुनी पाटी घेऊन आला व म्हणाला, “आजोबा, तुमचं अक्षर चांगलं आहे. माशाला विचारल्याशिवाय कोणी खाऊ घालायचा नाही, त्यांचीं नांवं यावर लिहा.”

पाटी टाकीवर टांगली आहे. पहिलें नांव माझें.