पत्र्याखालचं लक्ष

संपादकांनी सुचवलेला विषय होता, ‘एसी किती अंशांवर ठेवावा’. कारखान्यांतल्या आरोग्याचं काम करणाऱ्याला हा प्रश्न जिथेतिथे विचारला जातो. पण माझं मन अडकलंय ते इचलकरंजीतल्या एका शेडमध्ये. तिथे एसी नाही; पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली उभ्याने कापड तपासणाऱ्या बायका. एप्रिलमध्ये दुपारनंतर तुटके धागे त्यांच्या नजरेतून निसटायचे आणि माल परत यायचा. जेवल्या की बायका सुस्तावतात, असं मालकांचं ठाम मत होतं. नुकसान मजुरीतून कापलं जात होतं.

भिंतीवरचा तापमापक फक्त हवेचं तापमान सांगतो. तापलेल्या पत्र्याची धग, दमटपणा, वाऱ्याचा अभाव यातलं काहीच त्याला कळत नाही. शेजारीच माग. कोरडं सूत तुटतं म्हणून तिथे हवा मुद्दाम दमट ठेवतात. मग घाम येतो, पण वाळत नाही. म्हणून आम्ही एका तापमापकाला ओली वात गुंडाळतो आणि दुसरा काळ्या पोकळ गोळ्यात बसवतो. छपराखाली पहिल्याच्या आकड्याचे 70 टक्के आणि दुसऱ्याच्या आकड्याचे 30 टक्के मिळवायचे. गणित किचकट वाटेल, पण त्यातलं ओल्या वातीचं वजन ध्यानात घ्या. माणसाला सर्वांत जास्त छळतो तो न वाळणारा घाम.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी बिनतारी यंत्रावरच्या कामगारांना गरम खोलीत मोर्स संदेश उतरवायला बसवलं. उष्णता वाढली तशा चुका वाढल्या, आणि एका टप्प्यानंतर झपाट्याने वाढल्या. फार तरबेज होते ते टिकले, बाकीचे आधी ढासळले. कुणी चक्कर येऊन पडलं नाही म्हणजे उकाडा सोसण्याजोगा आहे, हा समज म्हणूनच घातक आहे. शरीराच्या कितीतरी आधी लक्ष दगा देतं.

उकाड्याबरोबरच मी शेडमधल्या दिव्यांचाही विषय काढला तेव्हा मालकांनी मला हॉथॉर्नची गोष्ट ऐकवली. व्यवस्थापनाच्या वर्गांत ती अजून शिकवतात आणि मला तिचा मनापासून राग आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून दिव्यांचे प्रयोग झाले. प्रकाश वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, असं सांगतात. म्हणजे दिवे गौण, कामगाराकडे कुणी लक्ष देतंय एवढंच पुरे, असा निष्कर्ष रूढ झाला. मूळ आकडे नष्ट झाले असं मानलं जात होतं. ते मिळवून स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट यांनी पुन्हा तपासले आणि 2011 मध्ये प्रसिद्ध केले. दिवे बदलले जायचे रविवारी, आणि सोमवारचं काम शनिवारपेक्षा जास्त भरायचं. पण दिवे न बदललेल्या सोमवारीही ते तसंच भरत होतं! सुट्टीनंतरच्या ताजेपणाचं श्रेय भलत्यालाच मिळालं होतं.

त्या शेडमध्ये ट्यूबा बायकांच्या पाठीमागे होत्या, त्यामुळे ज्या कापडात दोष शोधायचा त्यावर त्यांचीच सावली पडत होती. पांढऱ्यावर पांढरा धागा शोधायचा तर प्रकाश बाजूने तिरका हवा. शिवाय साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. नुसत्या ट्यूबा वाढवल्या तर उकाडाही वाढतो. बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत एलईडी बसवल्यावर उन्हाच्या दिवसांतलं काम सुधारल्याचं अभ्यासातून दिसलं आहे. ते वाढीव काम हिशेबात धरलं तर दिव्यांचा खर्च एरवीच्या एकतृतीयांशाहूनही कमी काळात भरून निघतो.

मालकांनी दिवे बदलले. छप्पर मात्र ‘पुढच्या वर्षी बघू’वर गेलं. छपराला बाहेरून पांढरा रंग देणं, त्यावर पाणी फवारणं, ते उंच करणं हे उपाय 1948 च्या कारखाने कायद्याच्या तेराव्या कलमात नावानिशी लिहिलेले होते. यात नवं काहीच नाही.

हा अंक ज्या कारखानदारांच्या हाती पडेल त्यांना माझी विनंती आहे. फेब्रुवारी संपायच्या आत पत्र्यावर चुना मारून घ्या आणि बारीक नजरेचं काम सकाळच्या पाळीत हलवा. चुकांपोटी मजुरी कापणं मात्र आजच थांबवा.